सीएफ असलेल्या लहान लेकरांची फुफ्फुसं बिघडतायत का हे ओळखायचं कसं? (सोलापूर आणि आसपासचे पालक)

जुळेसोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, घरात चिमी म्हणतो. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, सीएफ, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे जन्मापासून फुफ्फुसात चिकट कफ साठतो आणि पचनपण बिघडतं तो आजार. दोन वर्षांची असताना ऐन एप्रिलमध्ये एकदम मलूल पडली, उलट्या, डोळे खोल गेलेले, रक्त तपासलं तर सोडियम आणि क्लोराइड पार तळाला. त्याच्या आधी खोकला हटत नाही म्हणून प्रायमरी कॉम्प्लेक्स सांगून टीबीची औषधंपण देऊन झाली होती (कुठे, कोणी ते लिहीत नाही). शेवटी पुण्याला घामाची टेस्ट झाली, क्लोराइड ९८ आलं, ६० च्या वर म्हणजे सीएफ असं सांगितलं. सासूबाई तर कधीपासून म्हणायच्या की हिचा मुका घेतला की ओठ खारट होतात, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

आता अन्न पचायला एन्झाइमच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन, वरून मीठ, सकाळ-संध्याकाळ नेब्युलायझर आणि फिजिओ असं सगळं चालू आहे. वजन धरलंय. दिवसभर घर डोक्यावर घेते.

प्रश्न असा आहे की पुण्याच्या डॉक्टरांनी आता छातीचा लो डोस सीटी करू म्हणून सांगितलंय, वय लहान आहे म्हणून भूल द्यावी लागेल. आणि इथले आमचे बालरोगतज्ज्ञ, ज्यांच्यावर आमचा पूर्ण भरोसा आहे, ते स्टेथोस्कोप लावून म्हणाले की छाती एकदम क्लिअर आहे, सहा वर्षांची झाली की स्पायरोमेट्री करू आणि मग बघू. घरात दोन पार्ट्या पडल्यात. सासरे म्हणतात पोरगी खेळतेय, पळतेय, भूल कशाला द्यायची. नवरा म्हणतो पुण्याचं ऐकू. मला एवढंच कळत नाहीये की खोकला नाही, ताप नाही, छाती क्लिअर, तर मग आत काही बिघडतंय की नाही हे समजायचं तरी कसं? ज्यांची मुलं या वयातून पुढे गेलीत त्यांनी प्लीज लिहा.

अक्कलकोटरोड

ताई, बरं केलंत धागा काढलात. माझा मुलगा आता पाचवीला आहे. आमचंपण थोडंफार तुमच्यासारखंच, फक्त आम्हाला सीएफ आहे हे कळेपर्यंत तो पाच वर्षांचा झाला होता.

सहाव्या वर्षी त्याची पहिली स्पायरोमेट्री झाली, ती मशीनमध्ये जोरात फुंकायची टेस्ट, कॉम्प्युटरवर मेणबत्त्या विझवायचा गेम असतो त्यामुळे पोरं खूश असतात. एफईव्ही-वन, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर निघते तो आकडा, ९९ टक्के आला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. त्याच महिन्यात सीटी झाला आणि त्यात उजव्या बाजूला वरच्या भागात श्वासनलिका रुंद झालेल्या, ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात ते, शिवाय दोन ठिकाणी कफाचं बूच बसलेलं. मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं की हे दोन्ही रिपोर्ट एकाच पोराचे आहेत ना? ते म्हणाले एकाच पोराचे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फुंकायच्या टेस्टमध्ये सगळ्या फुफ्फुसाचा मिळून एक आकडा येतो, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या बारीक नळ्या बुजल्या तरी बाकीचं फुफ्फुस सांभाळून घेतं आणि आकडा छान दिसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, सहा वर्षांपर्यंत थांबून स्पायरोमेट्रीची वाट बघणं म्हणजे काहीच न बघणं. राग मानू नका, तुमचे डॉक्टर चांगलेच असणार, पण सोलापुरात एका डॉक्टरकडे सीएफची मुलं येऊन येऊन किती येणार, त्यांचापण इलाज नाही.

नवीपेठ_नाना

मी काही डॉक्टर नाही, पण नातवंडं वाढवलीत. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन ९८ दाखवत असेल, पोर खेळतंय, जेवतंय, मग तिला बेशुद्ध करून मशीनमध्ये घालायची काय गरज आहे? सीटीत रेडिएशन किती असतं माहितीये का? हल्ली जरा काही झालं की स्कॅन. आमच्या ओळखीत एका मुलाचा जुना खोकला सितोपलादी आणि ज्येष्ठमधाने गेला. करून बघायला काय हरकत आहे.

रात्रपाळी

नाना, रेडिएशनबद्दल विचारलंत ते योग्यच आहे, त्यावर खाली लिहितो. पण ९८ वर विसंबू नका. (मी बालरोग शिकतोय, अजून पूर्ण तज्ज्ञ नाही, त्यामुळे इथलं वाचून औषध बदलू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.)

सीएफमध्ये ऑक्सिजन खाली येतो तो फार उशिरा. बोटांची टोकं फुगीर होणं, स्टेथोस्कोपमधून बुडबुड्यासारखा आवाज येणं, हीपण बऱ्यापैकी पुढची लक्षणं. मूळ दोष सीएफटीआर नावाच्या जीनमध्ये असतो, १९८९ मध्ये तो सापडला, त्या दोषामुळे श्वासनलिकेतला पातळ ओलावा कमी पडतो, कफ चिकट होतो, त्यात जंतू घर करतात, आणि जंतूंना मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी जे रसायन सोडतात तेच नळीची भिंत खातं. या सगळ्यात बाळ खोकलेलंच पाहिजे असं काही नाही.

ऑस्ट्रेलियात पर्थ आणि मेलबर्नला जन्मतःच निदान झालेल्या बाळांवर बरीच वर्षं काम चालू आहे. त्यांचा २०१३ मध्ये पेपर आला. ३ महिन्यांच्या बाळांमध्ये साधारण २९ टक्क्यांच्या सीटीत ब्रॉन्किएक्टेसिस दिसला, आणि ३ वर्षांपर्यंत तो आकडा ६१ टक्क्यांवर गेला. यातल्या बऱ्याच बाळांना त्या वेळी काहीही त्रास दिसत नव्हता. दुर्बिणीने काढलेल्या ज्यांच्या फुफ्फुसाच्या धुवणात ३ महिन्यांच्या वयातच न्यूट्रोफिल इलास्टेज हे एन्झाइम (पांढऱ्या पेशींचं तेच रसायन) मोकळं सापडलं त्यांच्यात पुढे नळ्या रुंद व्हायची शक्यता जास्त निघाली. आणि ही तिकडची बाळं, जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन निदान झालेली. आपल्याकडे नवजात बाळांची ही तपासणी सरसकट होत नाही, टीबी, बाळदमा, न्यूमोनिया असं करत करत दोन-चार वर्षं जातात, म्हणजे आपलं पोर निदान होईस्तोवरच बरंच पुढे आलेलं असतं.

सितोपलादीबद्दल मी काही बोलणार नाही, फक्त तिच्यासाठी सलाईनची वाफ आणि फिजिओ थांबवू नका एवढंच.

जुळेसोलापूरची_आई

वाचून पोटात गोळा आला हो. म्हणजे तीन वर्षांच्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त?? चिमीला तर निदानच दोन वर्षांनी झालंय.

अक्कलकोटरोड

घाबरू नका ताई. सुरुवातीचे बदल, म्हणजे कफाचं बूच, हवा अडकणं, यातलं बरंचसं नीट उपचारांनी परत येतं. लहान मुलांमध्ये सीटीत दिसलेलं किंचित रुंदावणंपण पुढच्या सीटीत कधीकधी दिसत नाही असं आम्हाला सांगितलंय. माझ्या मुलाचं एक बूच पुढच्या सीटीत नव्हतं. रुंद झालेली नळी तशीच आहे, पण वाढली नाही. लवकर बघायचं ते याच्यासाठी.

रात्रपाळी

+१. आता सीटीबद्दल.

लहान मुलांचा लो डोस सीटी मोठ्यांच्या सीटीपेक्षा बऱ्याच कमी रेडिएशनमध्ये होतो, पण शून्य नाही, आणि सीएफच्या मुलाला आयुष्यात पुढेही अनेकदा लागणार म्हणून उगाच दर सहा महिन्यांनी कोणी करत नाही. कुठे दोन वर्षांतून एकदा करतात, कुठे फक्त शंका आली तरच, यावर जगभरात एकमत नाही. करायचाच असेल तर दोनदा फोटो घेतात का ते विचारा, एकदा श्वास आत भरलेला असताना आणि एकदा सोडलेला असताना. हवा अडकलीय का ते सोडलेल्या श्वासातच कळतं, अडकलेले भाग काळे राहतात. साडेतीन वर्षांच्या पोराला श्वास रोख म्हणून सांगता येत नाही म्हणून भूल. भुलेत फुफ्फुसाचा खालचा भाग थोडा दबतो आणि तो आजारासारखा दिसू शकतो, त्यामुळे हे जिथे नेहमी करतात तिथेच करा, जवळ पडतं म्हणून कुठेही नको.

साधा एक्सरे स्वस्त आणि सोपा आहे पण सुरुवातीचं तो दाखवत नाही. एमआरआयमध्ये रेडिएशन नाही, जर्मनीत हायडेलबर्गला अगदी तान्ह्या बाळांचे एमआरआय करून आजाराला गुण देण्याची पद्धत त्यांनी बसवलीय, पण वेळ जास्त लागतो आणि लहानग्यांना झोपवावंच लागतं. आपल्याकडे छातीचा असा एमआरआय वाचणारे शोधावे लागतील.

हुरडाप्रेमी

मधेच विचारतो, एलसीआय म्हणून काहीतरी असतं ना? माझ्या भाच्याला सीएफ आहे, तो परदेशात असतो, त्याची चार वर्षांचा असल्यापासून ती टेस्ट करतात म्हणे.

रात्रपाळी

हो, लंग क्लिअरन्स इंडेक्स. या वयाला सगळ्यात जमणारी टेस्ट तीच आहे खरं तर. पोराने कार्टून बघत बसायचं, तोंडाला मास्क किंवा नळी, आणि नेहमीसारखा श्वास घ्यायचा, जोरात फुंकायची गरजच नाही. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात आणि फुफ्फुसात आधीपासून असलेला नायट्रोजन धुऊन काढतात. मशीन मोजतं की नायट्रोजन सुरुवातीच्या चाळिसाव्या भागावर यायला फुफ्फुसाच्या मापाची हवा किती वेळा बदलावी लागली. निरोगी मुलात साधारण ६ ते ७ येतं, मशीनप्रमाणे थोडं फार इकडेतिकडे. आपल्या टाकीचं बघा, सगळीकडून पाणी नीट फिरत असेल तर जुनं पाणी पटकन निघतं, पण एखाद्या कोपऱ्यात गाळ धरला असेल तर कितीही नवीन पाणी सोडा, तो कोपरा लवकर साफ होत नाही. तसंच बारीक नळ्या बुजल्या की आकडा ८, ९, १० असा चढतो, आणि एफईव्ही-वन छान असतानापण चढतो.

तान्ह्या बाळांना शुद्ध ऑक्सिजन दिला की त्यांच्या श्वासाची लय बदलते, म्हणून त्यांच्यासाठी दुसरा एक गॅस वापरतात, पण चार वर्षांच्या पोराला तो प्रश्न कमी.

आणि ही टेस्ट नुसती शोभेची नाहीये. ३ ते ६ वर्षांच्या १५० मुलांवर ४८ आठवडे प्रयोग झाला, निम्म्यांना ७ टक्क्यांचं सलाईन नेब्युलायझरमधून आणि निम्म्यांना साधं. २०१९ मध्ये निकाल आला, ७ टक्केवाल्यांचा एलसीआय सुधारला. नुसत्या लक्षणांवर गेलं असतं तर हा फरक दिसलाच नसता. म्हणजे सकाळी सातला जे पोराच्या मागे मास्क घेऊन पळताय ना, ते फुकट जात नाहीये.

अडचण एकच, मशीन आपल्या भागात मिळणं अवघड. म्हणून मी असं म्हणेन की मिळालं तर करा, नाही मिळालं तर रडत बसू नका, बाकीचे दुवे घट्ट धरा.

नमुना_आणा

बाकीचे दुवे म्हटलं की कल्चर, म्हणजे घशातला किंवा थुंकीचा नमुना घेऊन त्यातले जंतू वाढवून बघायची टेस्ट!! मी लॅबमध्ये काम करतो (कुठल्या ते सोडा), आणि या विषयावर माझं डोकं फिरतं त्यामुळे मोठं लिहिणार आहे.

सीएफच्या मुलाचं फुफ्फुस कुठल्या दिशेने चाललंय हे ठरवण्यात त्यात कुठला जंतू राहतोय याचा फार मोठा हात असतो. लहानपणी बहुतेक स्टॅफ ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, आणि मग कधीतरी स्यूडोमोनास येतो. स्यूडोमोनास पहिल्यांदा आला तेव्हाच पकडला तर टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक वाफेतून २८ दिवस देऊन बऱ्याचदा घालवता येतो. पण वर्षभर कोणाच्या लक्षातच आलं नाही तर तो बुळबुळीत थर करून बसतो आणि मग कायमचा पाहुणा. त्यामुळे खोकला असो नसो, दर तीन महिन्यांनी एक कल्चर गेलंच पाहिजे.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. पालक येतात, पोर लहान, थुंकी निघत नाही, मग कोणीतरी जीभ दाबून घशाला कापूस फिरवतं, फॉर्मवर लिहितात थ्रोट स्वॅब, वय ३. एवढंच. मग आम्ही तो साध्या घशाच्या नमुन्यासारखा लावतो आणि रिपोर्ट जातो नॉर्मल फ्लोरा, म्हणजे घशातले नेहमीचेच जंतू. पालक खूश. फॉर्मवर मोठ्या अक्षरात सीएफ लिहिलेलं असेल तर वेगळ्या प्लेट लावता येतात, हिमोफिलससाठी चॉकलेट अगार, स्टॅफसाठी खारी प्लेट, बर्खोल्डेरिया या आणखी एका जंतूसाठी त्याची वेगळी, आणि प्लेट जास्त दिवस ठेवून बघतात. बर्खोल्डेरिया साध्या प्लेटवर बाकीच्यांच्या गर्दीत हरवतो. तर ताई, फॉर्म तुमच्या डोळ्यांसमोर भरून घ्या आणि सीएफ लिहिलंय का बघा.

नमुना घ्यायची वेळपण महत्त्वाची. सकाळी काही खायच्या आधी, फिजिओ झाल्या झाल्या, पोराला खोकायला लावून स्वॅब घशाच्या मागे धरायचा, नुसता जिभेवर फिरवायचा नाही. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी. आणि स्वॅबची नळी खिशात घालून दुपारभर गावात फिरायचं नाही, मे महिन्यात तर नाहीच, सरळ लॅबला.

सातरस्ता

दुर्बिणीने फुफ्फुसातलं पाणी काढून तपासलं तर जास्त पक्कं कळत नाही का?

नमुना_आणा

कळतं. पण दरवेळी भूल. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये यावर मोठा अभ्यास झालाय, २०११ चा, बाळांना दुर्बिणीच्या नमुन्यावरून औषध दिलं आणि दुसऱ्या गटाला साध्या घशाच्या नमुन्यावरून, पाच वर्षांच्या वयात बघितलं तर दोन्ही गटांत स्यूडोमोनास आणि सीटी यात फरक नव्हता. म्हणून सरसकट नाही करत. पोर बिघडतंय आणि कल्चरमध्ये काहीच येत नाही असं झालं तर मात्र करतात.

तसं चिमीला सीटीसाठी भूल देणारच असतील तर त्याच भुलेत दुर्बिणीचा नमुना घेता येईल का हे विचारून ठेवा. एका भुलेत दोन कामं.

रात्रपाळी

हे भारी सुचवलंत, अनुमोदन.

पूर्वभाग

मी सीएफवाला नाही, पण बायको सरकारी दवाखान्यात आहे आणि हे सगळं वाचालोय, एक गोष्ट कोणीच बोलंना म्हणून लिहितो. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, मग टाकी, बॅरल, हंडे भरून ठेवतो. त्या साठवलेल्या पाण्यात नेब्युलायझरचा कप धुतला की झालं का कल्याण? स्यूडोमोनासला ओल लई आवडती म्हणं. बायको सांगाली की कप आधी साबणानं धुवायचा, मग पाच मिनिटं पाण्यात खळखळ उकळायचा, आणि फडक्यानं पुसायचा नाही, स्वच्छ कापडावर उपडा टाकून वाळू द्यायचा. व्हिनेगर चालत नाही. आणि घरात लूम (यंत्रमाग) असेल तर त्या खोलीत पोराला फिरकू द्यायचं नाही बे, रुव्याचा धुरळा चांगल्या माणसाला खोकायला लावतो.

अक्कलकोटरोड

पूर्वभाग साहेब, शंभर टक्के. आमचे लूम घराखालीच होते. वर राहायचं बंद केलं.

वाफ_आणि_टाळी

उशिरा आले, फिजिओ आहे. सगळं वाचलं नाही अजून पण फिजिओबद्दल दोन गोष्टी लिहिते. एक, अजूनपण कोणी लहान मुलांना डोकं खाली करून झोपवून पाठीवर टाळ्या देत असेल तर थांबवा. मेलबर्नच्या अभ्यासात असं दिसलं की त्या पद्धतीने अन्न वर येतं आणि त्या मुलांची छाती पुढच्या काही वर्षांत जास्त बिघडली. बसवून, कुशीवर, थोडं उंच करून द्या. साडेतीन वर्षांच्या मुलीला फुगे, साबणाचे बुडबुडे, पाण्याच्या बाटलीत नळीने बुडबुडे काढणं, गादीवर उड्या, सगळं फिजिओच आहे. क्रम असा, आधी नळ्या मोकळ्या करणारं औषध, मग खारं सलाईन, मग फिजिओ, आणि वाफेचं अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यात शेवटी.

दुसरं, मी पालकांना वही ठेवायला लावते. बाळाचं पुस्तक नाही, साधी दोनशे पानी.

जुळेसोलापूरची_आई

वहीत काय काय लिहायचं ते सांगाल का? मी आता लिहिते पण नुसतं "आज बरी", "आज कमी जेवली" असंच असतं.

वाफ_आणि_टाळी

"आज बरी" मधून डॉक्टरला काही मिळत नाही. मी सांगते त्या गोष्टी अशा. झोपेत खोकली का, म्हणजे आईची झोप मोडेल इतकं. सकाळी उठल्यावर खोकला ओला की कोरडा. फिजिओत कफ निघाला का, लहान मुलं गिळतात त्यामुळे दिसत नाही पण आवाजावरून कळतं. खेळता खेळता बसून राहिली का, जिना चढताना उचलून घे म्हणाली का. भूक. शी तेलकट, वास मारणारी, पाण्यावर तरंगणारी आहे का. आणि वजन, आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी.

वजन पोटाचा प्रश्न वाटतो पण तो छातीचापण आहे. चार वर्षांच्या वयात ज्यांचं वजन चांगलं होतं त्यांचं फुफ्फुस पुढे मोठेपणी जास्त चांगलं राहिलं असं अभ्यासात दिसलंय. वजन दोन महिने जागेवर थांबलं आणि एन्झाइम तर बरोबर चाललंय, तर मी आधी छातीकडे बघायला सांगते.

हे सगळं लिहून ठेवलं की तिचं नेहमीचं काय ते कळतं, आणि त्यावरून बदल कळतो. सर्दी झाली आणि दहा दिवसांत ती तिच्या नेहमीवर आली नाही तर डॉक्टरांना फोन. आणखी आठवडाभर थांबू, विषाणू असेल, असं नाही. सर्दी-तापात पुन्हापुन्हा घसरण होते आणि त्यातली काही भरून येत नाही.

शेंगाचटणी

वजनावरून आठवलं, अवांतर आहे. आमच्या पुतणीला डाएटवाल्या मॅडमनी सांगितलं होतं बटर, चीज, अव्होकाडो. सोलापुरात अव्होकाडो! शेवटी शेंगाची चटणी, वर तेलाची धार, भाकरी कुस्करून तूप, आणि सोबत एन्झाइमची कॅप्सूल खाण्याच्या आधी. चटणीत मीठपण असतंच. उन्हाळ्यात पाऱ्याने ४३ ओलांडला की मीठ वाढवायचं, किती ते डॉक्टरांनी लिहून दिलंय.

नवीपेठ_नाना

शेंगाच्या चटणीला माझापण पाठिंबा. 🙂 आणि ते ९८ वालं माझं मागे घेतो, वरचं सगळं वाचलं. पण भुलेची धाकधूक आजोबा-आजींना असणारच, त्यांना बरोबर घेऊन जा डॉक्टरांकडे, घरी बसून समजावू नका.

सातरस्ता

त्या नवीन गोळ्या आल्यात ना, मूळ दोषावरच्या, त्या मिळाल्या तर हे सगळं मोजणं सुटेल का?

रात्रपाळी

ट्रायकाफ्टा. अमेरिकेत २०१९ मध्ये मोठ्या मुलांसाठी आली, २ ते ५ वर्षांसाठी २०२३ मध्ये. दोन मुद्दे. पहिला, ती प्रत्येक जनुकदोषावर चालत नाही, एफ-५०८-डेल किंवा यादीतला दुसरा दोष लागतो, आणि आपल्याकडे एफ-५०८-डेलचं प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे, म्हणून आधी जनुक तपासणी पूर्ण करून रिपोर्ट जपून ठेवा. दुसरा, किंमत. अमेरिकेत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. अर्जेंटिनात जेनेरिक बनतं. आपलं दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात सीएफचं नाव आहे, मुंबईचं केईएम त्यातल्या ठरवलेल्या केंद्रांपैकी एक, तिथे नोंदणीचं विचारा. आणि गोळी मिळाली तरी मोजणं सुटत नाही, गोळी चालतेय का हे बघायलाच मोजावं लागतं.

जुळेसोलापूरची_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल पुण्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोललो, नानांचं ऐकून सासऱ्यांना शेजारीच बसवलं. त्यांनीच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, भूल किती वेळाची, कोण देणार, आधी किती तास उपाशी. डॉक्टरांनी सांगितलं की सीटी आत्ता करायचा कारण निदान उशिरा झालंय आणि सुरुवात कुठून करतोय हे एकदा कळलं पाहिजे, पुढचा लगेच करणार नाहीत. श्वास आत आणि बाहेर दोन्ही घेतात. दुर्बिणीच्या नमुन्याला लगेच हो म्हणाले. इथल्या डॉक्टरांनापण हे सगळं सांगितलं, त्यांनी चांगलं घेतलं, म्हणाले कल्चरचे आणि सीटीचे रिपोर्ट मला पाठवत जा, मधल्या सर्दी-खोकल्याचं मी बघतो.

सासरे आता चिमीचं वजन लिहायला बसतात दर रविवारी. काट्यावर ती उडी मारते आणि आकडा हलतो म्हणून त्यांची चिडचिड.

एक राहिलं. सीटीची तारीख संक्रांतीनंतरची मिळालीय, आणि मधे आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. तिने कधीपासून धरून ठेवलंय पाळण्यात बसायचं म्हणून. न्यायचं का? धूळ, गर्दी, आणि भुलेच्या आधी सर्दी झाली तर तारीख पुढे जाईल.

अक्कलकोटरोड

तारीख झाल्यावर न्या ना, यात्रा संपली तरी गड्ड्यावरचे पाळणे बरेच दिवस असतात. कामाच्या दिवशी, दुपारी लवकर, गर्दी नसते. होम मैदानावर पाणी मारलेलं असेल तर धूळपण बसलेली असते. मी माझ्याला दरवर्षी तसाच नेतो.

वाफ_आणि_टाळी

+१. आणि भुलेच्या आधीचे दोन आठवडे फिजिओ एकही वेळ चुकवू नका, छाती जितकी मोकळी तितकी भूल सोपी. शिंकणाऱ्या पाहुण्यांना बाहेरूनच चहा द्या.

नमुना_आणा

दुर्बिणीच्या नमुन्याच्या फॉर्मवरपण सीएफ लिहिलंय का बघा!! तिकडचे लिहितीलच, पण बघा.